स्काउटिंग : खाकी गेली त्याचं दुःख नाही, पण संघनायक कुठे गेला?

जुनी_शिट्टी

इथे शाळेत स्काउट-गाईड केलेली बरीच मंडळी दिसतात, म्हणून हा धागा. मी निवृत्त शिक्षक. नोकरीत असताना शाळेचं पथक चालवलं, हिमालय वुड बॅज (स्काउट मास्तरांचं वरचं प्रशिक्षण) केला, आता गावातल्या पोरांचं एक ओपन, म्हणजे शाळेबाहेरचं, पथक बघतो. कुठे लग्नकार्यात भेटलं की लोक ठरलेला प्रश्न टाकतात, "काय सर, आता पूर्वीसारखं राहिलं नाही ना?" त्यांना माझ्याकडून खाकी हाफपँटीच्या नावाने एक उसासा हवा असतो.

तो मी देत नाही. खाकी जाऊन स्टील-ग्रे शर्ट आणि नेव्ही ब्लू पँट आली, ठीकच आहे. गाईडच्या मुलींना सलवार-कमीज चालू लागली, तेव्हा कुठे खेड्यातल्या मुली टिकायला लागल्या. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलचे नियम दहा होते, आपले नऊ आहेत. त्यानेही काही आभाळ कोसळलं नाही.

माझी तक्रार एकच आहे. संघ पद्धत कागदावर उरली. सहा ते आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि त्या संघाचं बरंवाईट त्याच्या डोक्यावर. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर झालं तेव्हा वीसेक पोरं होती. काही बड्या शाळांतली, काही पूल-बोर्नमथकडच्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले: लांडगे, डोमकावळे, बैल आणि कर्ल्यू पक्षी. प्रत्येक संघ एका पोराच्या ताब्यात. गणवेश, प्रमाणपत्रं वगैरे सगळा संसार पुढचा.

गेल्या हिवाळ्यात एका मेळाव्यात परीक्षक होतो. तंबूंपुढे बांबूची गॅजेट्स एकापेक्षा एक. चपलांचं स्टँड, ताटांची मांडणी, एका शाळेने तर चक्क कमान उभी केलेली. कमानीच्या चौरस बांधणीला हात लावून तिथल्या संघनायकाला विचारलं, "बाळ, ही सुरू कुठल्या गाठीने केलीस?" खुंटा गाठीने सुरू करायची, तीन वेढे, मग मधून दोन आवळवेढे, शेवट परत खुंटा गाठ. पहिल्या वर्षीचं काम. पोराने माझ्याकडे बघितलंच नाही, सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "अरे सांग की, काल रात्री शिकवलं ना." कमान आदल्या रात्री सरांनी आणि दोन पालकांनी बांधली होती. बक्षीसही तिलाच मिळालं. मी एकटाच विरोधात होतो.

तर प्रश्न असा, की तुमच्या वेळी संघनायकाला खरोखर काही अधिकार होता का? आज कुठे आहे का? असेल तर कसं जमवता?

लिंबूटिंबू

मी संघनायक होतो. अधिकार एकच, शिट्टी. तीही दुसऱ्या दिवशी सरांनी काढून घेतली.

बुलबुल_ते_गाईड

काका, छान धागा. मी तिसरीत बुलबुल (गाईडच्या आधीचा लहान मुलींचा गट), पाचवीपासून गाईड. मला आठवते ती खरी कमाई. कार्ड घेऊन घरोघरी जायचं, काम मागायचं, मिळतील ते पैसे घ्यायचे आणि कार्डावर सही. आमच्या चाळीत एका आजींनी मला पायलीभर तांदूळ निवडायला बसवलं होतं. दोन तास! मग एक रुपया दिला आणि वर म्हणाल्या, "खडे राहिलेत गं."

आता लेकीच्या शाळेत खरी कमाई म्हणजे मैदानावर स्टॉल. पाणीपुरीवाला बाहेरून बोलावतात, आया कूपनं फाडतात, मुली स्कार्फ घालून स्टॉलमागे फोटोला उभ्या. कमाई खरी असेलही, पण कुणाची ते विचारू नका.

रानवाटा

+१. वाचनखूण साठवली आहे.

खडूस_मास्तर

सरांबद्दल आदर आहे, पण सध्या शाळेत उभा असलेल्या माणसाची बाजूही येऊ द्या.

मी चालू स्काउट मास्तर आहे. मुख्याध्यापकांनी "तुम्ही तरुण आहात" म्हणून गळ्यात घातलेला. माझ्याकडे बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम आहे, शालेय पोषण आहाराची नोंद आहे, दर महिन्याला कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची आहे. स्काउटला आठवड्यात एक तास, तोही शनिवारचा शेवटचा. त्यात संघनायक निवडा, त्याला चुकू द्या, परत करू द्या, हे सगळं बसवायचं कसं?

आणि जबाबदारी कुणाची हा प्रश्न आहेच. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शाळा-कॉलेजच्या सहलींचे नियम आवळले गेले, आणि आवळायलाच हवे होते. आज मुलाला सुरी दिली आणि बोट कापलं तर पालकांच्या ग्रुपवर फोटो आधी येतो, माझ्याकडे मूल नंतर येतं. मग कमान मीच बांधतो. तुमच्या मेळाव्यातला तो मास्तर मी नव्हे, पण असतो तर हेच केलं असतं.

पाटील_वाईकर

खडूस मास्तरांशी सहमत आणि असहमतपण. आमचे सर बी भित्रेच होते, पण भीती वेगळी. हाईकला निघताना पुढं नसायचे, मागं असायचे. आम्ही पुढं खुणा शोधत जायचो, दगडावर दगड म्हंजे वाट बरोबर, गवताची गाठ वळली त्या अंगाला जायचं. एकदा संघनायकानं आख्खा संघ चुकीच्या ओढ्यात उतरवला. सर मागून बघत हुते, बोलले न्हाईत. अर्ध्या तासानं आमचे आम्हीच वर आलो. त्या संघनायकाला पुढं वर्षभर सगळे "ओढा" म्हणायचे. आता तो तलाठी आहे, पण गावात अजून ओढाच.

लिंबूटिंबू

तलाठी आणि ओढा? आमच्या गावात नकाशावरचा ओढाच गायब झालाय, तुमचा दोस्त तिकडे होता का बघा. हलके घ्या.

एडिसनचा_बाबा

अमेरिकेतून लिहितोय. इथे मुलगा आणि मुलगी दोघंही स्काउटिंगमध्ये. मुलगी म्हणजे गाईड नव्हे, स्काउटच. इथल्या बॉय स्काउट्सनी २०१८ मध्ये कबमध्ये (लहान मुलांच्या गटात) आणि २०१९ मध्ये मोठ्या वयोगटात मुलींना घेतलं, आणि फेब्रुवारी २०२५ पासून नावातून 'बॉय'च गेला, आता स्काउटिंग अमेरिका. तेव्हा आमच्या ट्रूपमधल्या (पथकातल्या) जुन्या लोकांनी इतका धुरळा उडवला की विचारू नका.

मास्तरांनी जबाबदारीचा मुद्दा काढला म्हणून सांगतो. इथे तो मुद्दा फार भयंकर रूपात आला. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. दावे ८० हजारांच्या वर गेले. आता प्रत्येक मोठ्या माणसाला बालसुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ हवेत, आणि एकटा प्रौढ एकट्या मुलाबरोबर कधीच राहायचा नाही. जुने लोक म्हणाले, आता मजा गेली. पण आमच्या ट्रूपची सभा आजही मुलंच चालवतात. सीनिअर पेट्रोल लीडर मतदानाने निवडून येतो आणि आम्ही पालक मागच्या खुर्च्यांवर कॉफी पीत बसतो. एका बाबाने मध्येच तोंड घातलं तर स्काउटमास्टर सरळ सांगतो, "तुम्हाला कुणी विचारलं नाही."

म्हणजे कडक सुरक्षा आणि मुलांचा कारभार एकत्र राहू शकतात. फक्त प्रौढ माणसं जास्त लागतात, आणि ती गप्प बसणारी लागतात. भारतात दुसरीच अट अवघड आहे.

अवांतर: खरी कमाई इथे पण आहे, पॉपकॉर्न विकतात. कामावरच्या लोकांना कोण विकतं? आईबाबा. म्हणजे बुलबुलताई, जगभर एकच चाल.

वैशाख_वणवा

मुळात हे सगळं टिकवायचं कशाला, हा प्रश्न कुणी विचारणार आहे का? इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने साम्राज्यासाठी पोरं घडवायला काढलेली संघटना. १९०९ ला बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी इथलं पहिलं पथक काढलं, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय पोरांना प्रवेश नव्हता. सरांच्या गळ्यातल्या वुड बॅजचे मणीसुद्धा झुलू राजा दिनुझुलूच्या हारावरून आले, असं सांगतात. त्यात प्रतिज्ञेत ईश्वर. ब्रिटनमध्ये २०१४ पासून देव न मानणाऱ्यांना वेगळी प्रतिज्ञा मिळाली. आपल्याकडे नास्तिक पोराने काय करायचं?

जुनी_शिट्टी

@वैशाख_वणवा, मुद्दे बरोबर आहेत, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. भारतीय मुलांना घेत नाहीत म्हटल्यावर अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासला आपली संघटना काढली. अलाहाबादला मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. जत्रा, कुंभमेळे, साथी यांत काम करणारी पोरं. साम्राज्याची वस्तू साम्राज्याच्या हातातून काढून घेतली, असं म्हणा हवं तर. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला एकत्रीकरण होऊन भारत स्काउट्स झाली, पुढच्या १५ ऑगस्टला गाईड्स त्यात आल्या. म्हणून ७ नोव्हेंबरला मुलं तुमच्या दारात झेंड्याचे स्टिकर घेऊन येतात.

प्रतिज्ञेत 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे. नास्तिकाचं तेवढ्याने भागत नाही, हे मान्य. माझ्या पथकात एकाने तो शब्द गाळला, मी ऐकलं नाही असं केलं.

मणी माहीत आहेत. माझे दोन आहेत, लाकडी, कुठल्याही राजाचे नाहीत.

शाखेचा_शिरीष

एवढा खटाटोप कशाला? रोज संध्याकाळी मैदान, खेळ, शिस्त, सगळं फुकट मिळतं. स्काउट हवाच कशाला.

साने_गुरुजींचा_नातू

आणि राष्ट्र सेवा दल १९४१ पासून हेच करतंय, मुलामुलींना एकत्र घेऊन. ते नाही दिसलं?

शाखेचा_शिरीष

दिसलं असतं, संख्येने दिसेल एवढे असते तर.

रानवाटा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (एडिसनच्या पोरांकडून विकत घेतलेले.)

संपादक_मंडळ

शाखा विरुद्ध सेवा दल हा सामना वेगळ्या धाग्यावर खेळावा, तिथे तो तेवीस पानं आधीच झाला आहे. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

गाईड_कॅप्टन_ताई

मी एका तालुक्याच्या गावी गाईड कॅप्टन आहे. सरांचं संघनायकाबद्दलचं दुःख स्काउटांपुरतं असेल. माझ्या मुलींकडे या, दाखवते.

मुलं-मुली एकत्र घ्यावीत का, यावर एडिसनच्या बाबांचा अनुभव वाचला, पण माझं मत उलटं आहे. आमच्याकडे वर्गात मॉनिटर मुलगा, मंडळात अध्यक्ष मुलगा, घरी रिमोटसुद्धा भावाकडे. गाईडच्या संघात मुलगा नसतोच, त्यामुळे तंबूची मेख ठोकायलाही मुलगीच आणि बाजाराचा हिशेब ठेवायलाही मुलगीच. एकत्र केलं की पहिल्याच दिवशी मुलं हातोडी घेतील आणि मुलींना कांदे चिरायला बसवतील. शहरात नसेल होत तसं. इथे होतं. दुसरं, वेगळ्या गाईड आहेत म्हणूनच आया रात्रीच्या शिबिराला पाठवतात.

गेल्या शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. कणीक काठीला गुंडाळून निखाऱ्यावर, वांगी थेट आरात, कांदा पोखरून त्यात अंडं. एका संघाची चूल पेटेना, वारा फिरला होता. मला सगळं दिसत होतं, हात शिवशिवत होते. नायिका सातवीतली, बुटकीशी. तिने दोघींना सतरंजी धरून आडोसा करायला लावला, चूल उलटी फिरवली, आणि तिसरीला म्हणाली, "तू रडणं थांबव आणि काटक्या आण." जेवण उशिरा झालं. कणीक मधे कच्ची होती. खाल्ली सगळ्यांनी.

पुण्याच्या लोकांसाठी: आपल्या इथे 'संगम' आहे हे किती जणांना माहीत आहे? गर्ल गाईड-गर्ल स्काउटच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ पासून. मी मुलींना घेऊन गेले होते तेव्हा दोन परदेशी मुलींनी डाव्या हाताने, म्हणजे आपल्या स्काउट-गाईडच्या रीतीने, हस्तांदोलन केलं. त्याआधी डाव्या हाताची थट्टा करणाऱ्या आमच्या पोरी एकदम सरळ उभ्या राहिल्या.

खडूस_मास्तर

ताई, मानलं. पण एक विचारतो, तुमच्याकडे पालकांची संमती, विमा, प्रथमोपचार, हे कोण बघतं?

गाईड_कॅप्टन_ताई

मी. आणि दोन माजी गाईड, आता रेंजर (गाईडच्या पुढचा मोठ्या मुलींचा गट) आहेत. त्याच माझा आधार. मुली कॉलेजला गेल्या तरी सुटत नाहीत, हाच फायदा. शाळेकडून कुणी मिळत नाही, ते सगळीकडे सारखंच.

रेल्वेवाला

प्रमाणपत्रांबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून बोलतो. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार यांच्यामागे पालक का धावतात? दहावीला सवलतीचे गुण आणि रेल्वेत स्काउट-गाईड कोटा. मी त्याच कोट्यातून लागलो. लोक म्हणतात कोट्यासाठी केलं ते खोटं. अहो, मला सातवीत कुणी सांगितलं असतं की यातून नोकरी लागते, तर जास्तच मन लावून केलं असतं! प्रथमोपचार मी गुणांसाठी शिकलो. ड्युटीवर एका माणसाचा हात सापडला तेव्हा झोळी बांधताना मी गुण आठवत नव्हतो.

मात्र लॉगबुक छापून देणारे महाभाग निघालेत, हे खरं. प्रत्येक पानावर तीच हाईक, तेच झाड, तोच पक्षी. एकदा तपासणीला पाहिलं, लातूरच्या पोराच्या हाईकमध्ये समुद्रकिनारा.

लिंबूटिंबू

लातूरच्या पोराला समुद्र दिसला म्हणजे पाणीटंचाई गंभीर आहे.

बुलबुल_ते_गाईड

शेकोटीचं काय पण? आमच्या लेकीच्या शिबिरात शेकोटी म्हणजे मधोमध बल्ब, त्यावर नारिंगी जिलेटीन पेपर, बाजूला चार लाकडं रचलेली. हॉलमध्ये. धुराचा अलार्म वाजतो म्हणे. पाऊस टाळी मात्र अजून तशीच आहे, एका बोटापासून सुरू होऊन पाच बोटांपर्यंत. ती ऐकल्यावर मला बरं वाटलं.

पाटील_वाईकर

बल्बवर बटाटे कसे भाजणार?

ठाण्याची_मीनल

सुरक्षितता फालतू समजू नका हो. २०२३ ला कोरियात जागतिक जांबोरी (स्काउटांचा मोठा मेळावा) झाली, उन्हाने पोरं आजारी पडली, ब्रिटिश आणि अमेरिकन तुकड्या आधीच निघून गेल्या, शेवटी वादळ येणार म्हणून सगळी छावणीच हलवली. 'तयार राहा' हे ब्रीद म्हणणाऱ्यांचीच तयारी नव्हती. मी आई आहे, मला बल्ब चालतो.

जुनी_शिट्टी

मीनलताई, बल्ब मलाही चालतो. फक्त तो कुठे लावायचा ते पोरांनी ठरवावं.

मास्तरांच्या एका तासाबद्दल सांगायचं राहिलं होतं. तासाभरात काय जमतं ते माझ्या पथकापुरतं सांगतो, पटेल ते घ्या. पहिली दहा मिनिटं झेंडा, प्रार्थना, हजेरी. हे सगळं संघनायक करतात, मी रांगेच्या शेवटी उभा. त्यानंतर गाठी मी फक्त चार संघनायकांना शिकवतो, तेही आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर. संघाला ते शिकवतात. वाकड्या शिकवतात, चालतं, पुढच्या आठवड्यात एखादा ती सोडून दाखवतो आणि त्यांचं त्यांनाच कळतं. यात मास्तरचा वेळ वाढत नाही, कमी होतो.

दुसरं, पैसे. शिबिराचा बाजार मी करत नाही. प्रत्येक संघाला पैसे देतो, ते किराणा दुकानात जातात. एका संघाने सगळे पैसे श्रीखंडावर घातले होते. डाळ-तांदूळ घ्यायला उरलेच नाहीत. शेजारच्या संघाशी सौदा केला, अर्धं श्रीखंड देऊन खिचडी मिळवली. शेजारच्या संघनायकाने भाव चांगलाच पाडून घेतला, तो व्यापाऱ्याचाच मुलगा. मी दोन्हीकडे जेवलो.

सुरी आणि विस्तवाजवळ मात्र मी हजर असतो, तिथे पोरांचं राज्य वगैरे नाही. आणि मेळाव्याच्या नियमात बदल सुचवून पत्र दिलंय: परीक्षकासमोर मुलांनी एक बांधणी सोडून परत बांधायची, तिलाच गुण. उत्तर आलेलं नाही.

खडूस_मास्तर

ओट्यावर आदल्या दिवशी, हे जमण्यासारखं आहे. आमच्यात मधली सुट्टी चालेल. मेळाव्याचा नियम झाला तर निम्म्या शाळा येणार नाहीत, हे लिहून ठेवा.

जुनी_शिट्टी

निम्म्या तरी येतील.

साने_गुरुजींचा_नातू

@रेल्वेवाला, लातूरचा समुद्र पुरस्कार घेऊन गेला का शेवटी?

रेल्वेवाला

मी सही केली नाही. दुसऱ्या कुणी केली का, ते विचारू नका.

ठाण्याची_मीनल

एवढं वाचून मुलीला घालावंसं वाटतंय. सहावीत आहे. शाळेत स्काउट-गाईड नाही, आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) आहे फक्त. बाहेर कुठे चालतं का? आणि तिला गाईडच घ्यावं लागेल का? ती म्हणते स्काउट व्हायचंय.

गाईड_कॅप्टन_ताई

आपल्याकडे मुलगी असेल तर गाईड. अभ्यासक्रमात फार फरक नाही, तिला सांगा तंबू तोच आणि चिखलही तोच. जिल्हा कार्यालयात जाऊन ओपन युनिट कुठे आहे ते विचारा, शाळेबाहेरची पथकं तिथे नोंदलेली असतात. जवळ नसेल तर आठ-दहा मुली जमवा आणि तुम्हीच गाईड कॅप्टनचा बेसिक कोर्स करा. निवासी असतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

ठाण्याची_मीनल

मी?? मला साधी बुटाची लेस धड बांधता येत नाही.

पाटील_वाईकर

मग दोर सुताचा घ्या. नायलॉनचा सरकतो.